रेसची दोरी

मोहाडीच्या बाहेर, तुमसरच्या रस्त्याला, भय्याजींची राइस मिल होती आणि मिलचा एकच ट्रक होता. तो भय्याजींच्या हाती आला तेव्हाच म्हातारा झालेला होता. त्याची सारी उमर मँगनीजच्या खाणीवर दगड वाहण्यात गेली होती. खिडक्यांना काचा नव्हत्या. इंजिन बंद करायची तार कधीची तुटली होती, म्हणून कवडू ड्रायव्हर गाडी उभी करताना गिअर तसाच ठेवून ब्रेक दाबायचा, क्लच सोडून द्यायचा आणि हिसक्यासरशी इंजिन मारायचा. ब्रेक होते, पण गाडी भरलेली असली की उशिरा लागत. कवडूला हे सगळं पाठ होतं. बैलाच्या खोडी माहीत असल्या की माणूस त्याला धरूनच चालतो, तसा तो ट्रकला धरून चालायचा.

एकोणऐंशी सालच्या दिवाळीनंतर मात्र गाडीनं नवी खोड काढली. ॲक्सिलेटर अडकू लागला. ड्रायव्हर लोक त्याला रेस म्हणतात. पाय उचलला तरी पायडल दाबलेलंच राही आणि इंजिन ओरडत सुटे. पहिल्यांदा असं झालं ते रिकाम्या गाडीत, सरळ रस्त्यावर. कवडूनं बुटाचं टोक पायडलाखाली घालून ते वर उचललं आणि गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन बंद केली. दुसऱ्यांदा झालं तेव्हा तो तसाच मिस्त्रीकडे गेला.

मिस्त्रीनं बॉनेट उघडून पाहिलं. "पायडलापासून पंपापर्यंतची सारी सळई झिजली हाय, कवडू. नुसती स्प्रिंग बदलून भागत नाही. गाडी उभी ठेव अन् सारं नवं टाक."

भय्याजींना हे सांगितलं तेव्हा ते मिलच्या अंगणात धानाची रास पाहत उभे होते. गावोगावी धानाची चुरणी, म्हणजे मळणी, सुरू झाली होती आणि बैलबंड्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली होती.

"हंगामात गाडी उभी ठेवू म्हनतं?" ते म्हणाले. "उन्हाळ्यात पाहू. तवरक सांभाळून चालव. तू काय नवा हायेस?"

कवडू नवा नव्हता. त्यानं पायडलाच्या टोकाला सुतळीची तिपेडी दोरी बांधली, ती डॅशबोर्डाखालच्या एका आकड्यातून नेली आणि डाव्या बाजूच्या सीटवर आणून सोडली. तिथं बसलेल्यानं दोरी ओढली की पायडल वर येई. कवडूला स्वतःला ती ओढायची तर अर्धं अंग वाकवावं लागलं असतं, आणि भरल्या गाडीचं स्टेअरिंग एका हातानं सांभाळण्यासारखं नव्हतं.

सीटवर कुंताबाई बसायची. बसायची म्हणजे, तिथं बसण्यासारखी तीच होती. खेड्यात पोती भरून झाली की हमाल पुढच्या खळ्यावर जात. गाडीबरोबर मिलपर्यंत येई ती एकटी कुंताबाई, सांडलेलं धान झाडून गोळा करायला आणि ताडपत्री सोडायला. पस्तिशीची, काटक, कमी बोलणारी. नवरा छातीच्या दुखण्यानं गेला होता. घरी सासू, बायजाबाई, जिला आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं.

पहिले काही दिवस कवडू "वर!" म्हणून ओरडायचा आणि ती दोरी ओढायची. मग त्याला ओरडावं लागेना. ती इंजिनाचा आवाज ऐकायची. आवाज जरा चढा राहिला की दोरी तिच्या हातात आपोआप ताणली जाई, सावकाश, हिसका न देता. चढावर ती ढिली सोडी, उतार लागायच्या आधी हाताभोवती एक वेढा घेई. दोघांना मिळून एक गाडी चालवायची सवय झाली. बोलणं फारसं होत नसे. एकदा कवडू म्हणाला, "कुंताबाई, तुमाले डायवर कराले पाहिजे." ती हसली आणि म्हणाली, "मंग तुमी काय करसान, कवडूभाऊ? धान झाडसान?" तेवढंच.

पण काच नसलेल्या खिडकीतून सगळ्या रस्त्याला दिसत होतं की कवडू ड्रायव्हरच्या शेजारी रोज एक विधवा बाई बसून जाते. पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. कोणी म्हणालं, ती हसत होती. कोणी म्हणालं, तिचा हात त्याच्या बाजूला होता. कवडूची बायको रत्नाबाई घागर भरत होती तेव्हा लीलाबाईनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "कोनाले घर असून नाही, अन् कोनाले घर नसून मोटार हाय."

रत्नाबाईनं रात्री नवऱ्याला विचारलं. त्यानं दोरीचं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि तिला ते पटलंही. पण दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पुन्हा तेच झालं, तिसऱ्या दिवशी बाया तिला पाहून गप्प झाल्या, आणि ते गप्प होणं तिला सोसलं नाही. ती घागर तिथंच ठेवून तडक मिलवर आली.

ट्रक निघायच्या बेतात होता. कुंताबाई सीटवर बसलेली होती. रत्नाबाईनं दार उघडलं आणि तिचा दंड धरला.

"उतर खाली."

"काय झालं, बाई?"

"मले बाई म्हनू नोको. उतर म्हनलं न! सारं गाव पाहून राहिलं, तुलेच काहून नाही दिसत?"

हमाल पोती टाकून जमा झाले. कवडू दुसऱ्या बाजूनं उतरून आला. "रत्ना, काय करतं? ते दोरीसाठी बसते. परवा सांगतलं न तुले."

"मंग मिलातले मानसं मेले काय दोरी ओढाले? हेच पाहिजे काय तुमाले?"

कोणीतरी मागून हसलं. कवडूनं मान खाली घातली. साऱ्यांसमोर बायकोशी भांडायचं आणि तेही या बाईसाठी, हे त्याच्यानं झालं नाही. कुंताबाईनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, तो काही बोलतो का म्हणून. मग ती आपण होऊन उतरली.

भय्याजी ऑफिसच्या दारात आले. "काय तमाशा लावला सकाळी सकाळी? टिकाराम, तू बस समोर. कुंता, तू मांगं पोत्यावर बस. झालं? चला, गाडी काढा."

टिकाराम हमाल सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळत सीटवर चढला. कुंताबाईनं दोरीचं टोक त्याच्या हातात दिलं. "आवाज चढला का ओढजो, भाऊ. हिसका देऊ नोको. अन् उतार लागला का हाती धरूनच राहाजो."

"हो वो, मालूम हाय," टिकाराम म्हणाला.

त्यानंतर काही दिवस गाडी तशी चालली. टिकारामला आवाज कळत नसे. कवडू ओरडला की तो ओढे, कधी उशिरा, कधी फार जोरात. कवडूचा आवाज बसून गेला. कुंताबाई मागं पोत्यांवर ताडपत्री धरून बसे आणि इंजिन चढलं की तिचा हात कॅबिनच्या टपावर पडे, थाप थाप. ती थाप ऐकून कवडू "वर!" म्हणे. अशी तीन माणसांनी गाडी चालत होती.

मोहाडीच्या बाजाराचा दिवस होता. गाडी दुपारी खेड्यावरून भरून निघाली, नेहमीपेक्षा जास्त भरून, कारण भय्याजींनी एक फेरी वाचवायला सांगितलं होतं. मोहाडीच्या अलीकडे रस्ता एका तलावाच्या पाळीवर, मातीच्या भरावावर, चढायचा आणि पलीकडे उतरून सरळ गावात जायचा. त्या उतारालाच, उजव्या अंगानं, बाजाराच्या बंड्या सुटलेल्या असत. माणसं रस्त्यावरच बसत. भाजीवाल्या, मासे विकणाऱ्या ढिवरणी, मातीची भांडी मांडलेले कुंभार, आणि त्यांच्यामधून पोरांना कडेवर घेऊन फिरणाऱ्या बाया.

पाळीवर चढायला कवडूनं रेस दिली. माथ्यावर आल्यावर पाय उचलला. पायडल वर आलं नाही.

"वर!"

टिकारामनं दोरी ओढली. पायडल हललं नाही. त्यानं पुन्हा दोन्ही हातांनी हिसका दिला, तेव्हा ते किंचित वर आलं आणि परत खाली बसलं. गाडी उताराला लागली. कवडूनं ब्रेकवर पाय दाबला. इंजिन पुढे ओढत होतं, ब्रेक मागे, आणि मागच्या धानाचं ओझं दोघांनाही ढकलत होतं. त्यानं क्लच दाबून गाडी न्यूट्रल केली. इंजिन असं किंचाळलं की बाजारातल्या लोकांनी माना वळवल्या. पण आता गाडीला धरून ठेवणारं काहीच राहिलं नाही, ती नुसत्या वजनानं धावू लागली. त्यानं पुन्हा गिअर घालायचा प्रयत्न केला. त्या वेगात गिअर पडेना. दात नुसते घासत राहिले.

"ओढून धर, टिकाराम! सोडू नोको! आवाज खाली येऊ दे, मंग गिअर पडंल!"

टिकारामनं समोर पाहिलं. मग त्यानं दोरी सोडली, दाराची कडी काढली आणि उडी मारली.

उघडं दार धडाधड आपटू लागलं. कवडू दोरीसाठी डावीकडे वाकला तशी गाडी उजवीकडे बंड्यांवर जाऊ लागली. त्याला सरळ व्हावं लागलं. तो हॉर्न दाबत होता की नुसता ओरडत होता, हे त्याला नंतर सांगता आलं नाही.

तेव्हा दाराच्या चौकटीत पाय दिसले. कुंताबाई पोत्यांवरून खाली उतरत होती. तिनं टिकारामला पडताना पाहिलं असावं. लुगड्याचा काष्टा घट्ट, एक हात टपाच्या कडेला, पाय फुटबोर्डावर. आपटणारं दार तिच्या पाठीवर बसलं, तरी ती वाकली, आत हात घातला आणि दोरी पकडली. तिनं हाताभोवती वेढा घेतला आणि ओढली. हिसका नाही, सावकाश, अंग मागं टाकून, सारं वजन देऊन.

पायडल वर आलं. किंचाळणं थांबलं. आणि कवडूला गिअर मिळाला.

गाडीनं धक्का खाल्ला आणि वेग मोडला, पण थांबायला पुढे जागा उरली नव्हती. रस्त्याच्या मधोमध एक म्हातारी टोपली उचलत होती. उजवीकडे बंड्या, बैल, माणसं. डावीकडे धान कापलेल्या बांधीचं खाचर, रस्त्यापासून कमरेएवढं खोल. कवडूनं स्टेअरिंग डावीकडे फिरवलं. फिरवताना त्याला माहीत होतं की कुंताबाई डाव्या बाजूला उभी आहे. तो तिला ओरडून म्हणाला, "आत या!" तिनं ऐकलं की नाही, कोण जाणे. ती दोरी धरून होती. दोरी सोडली असती तर तिला उडी मारता आली असती.

चाक कडेवरून उतरलं, गाडी कलली आणि डाव्या अंगावर पडली. पोती बांधीत कोसळली.

बाजारात एकाही माणसाला खरचटलं नाही.

लोकांनी कवडूला वरच्या दारातून ओढून काढलं. त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं. तो "कुंताबाई, कुंताबाई" एवढंच म्हणत होता, आणि ते साऱ्या बाजारानं ऐकलं. कुंताबाईला काढायला गाडी उचलावी लागली. ती कॅबिनच्या दाराखाली सापडली. मागं पोत्यांवर बसणारी बाई कॅबिनच्या दारात कशी आली, हे संध्याकाळपर्यंत गावानं आपल्या मनानं ठरवून टाकलं होतं.

कवडूला पोलीस घेऊन गेले. रत्नाबाई घरात बसून राहिली. शेजारणी आल्या, पण त्यांच्या बोलण्यात दुःखापेक्षा दुसरंच काही होतं. "तू तं आधीच वळखलं होतं, बाई," लीलाबाई म्हणाली. रत्नाबाईनं तिला घराबाहेर जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून प्रेत आलं तेव्हा ती कुंताबाईच्या झोपडीकडे गेली. कशासाठी गेली, हे तिला ठाऊक नव्हतं. कुडाजवळ उभी राहिली. आत दोघी-तिघी बाया न्हाऊ घालायच्या तयारीत होत्या आणि बायजाबाई सुनेच्या उशाशी बसली होती. तिला कोणीतरी दारात आल्याचं कळलं.

"कोन होय? पानी दे बाई थोडं इकडे."

बाकीच्या बायांनी रत्नाबाईकडे पाहिलं. तिचं नाव कोणी घेतलं नाही. रत्नाबाईनं तांब्या भरून पाणी दिलं. बायजाबाईनं सुनेचा हात मांडीवर घेतला, त्यावर पाणी सोडलं आणि अंगठ्यानं तळवा चोळू लागली. चोळता चोळता थांबली.

"हे काय रुतलं इच्या हातात? पाह्य तं बाई, मले दिसत नाही."

रत्नाबाई वाकली. तळहातापासून मनगटापर्यंत कातडं सोलून निघालं होतं आणि त्यात सुतळीचे तंतू बसले होते. वेढ्याची खूण हाताच्या पाठीवरून फिरून पुन्हा तळव्यावर आली होती.

"दोरी होय, माय," ती म्हणाली.

"कायची दोरी?"

रत्नाबाईनं ते तंतू एक एक करून काढले. मग ती बाहेर आली, कुडाला धरून खाली बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

ट्रक बांधीतून ओढून मिलच्या आवारात नेला गेला. तपासणी करणारा माणूस आला तोवर गाडीला नवी सळई आणि नवी स्प्रिंग लागलेली होती. दोरी कुठंच नव्हती. भय्याजींनी जबाब दिला की गाडी ठीक होती, ड्रायव्हरचं चित्त ठिकाणावर नव्हतं. टिकारामचा पाय मोडला होता. त्याचं औषधपाणी भय्याजी पाहत होते. कोर्टात तो काठीवर टेकून उभा राहिला आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "दोरी-बिरी काही नोती, साहेब. डायवरचं ध्यान थ्या बाईकडे होतं. ते दारात येऊन लटकली, म्हनून मी भेवून उडी टाकली."

कवडूनं सगळं खरं सांगितलं. पण आरोपी स्वतःसाठी बोलतो, असंच ते ऐकलं गेलं. तेव्हा रत्नाबाईनं वकिलाला म्हटलं, मला उभं करा. वकील म्हणाला, "बाई, तुम्हाला ते नको ते विचारतील." ती म्हणाली, "विचारू द्या."

कोर्टात गावातली माणसं येऊन बसली होती. रत्नाबाई पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभी राहिली. तिनं दोरीचं सांगितलं, नवऱ्यानं ती कशी बांधली ते सांगितलं, कुंताबाईच्या हातातून काढलेल्या सुतळीचं सांगितलं.

सरकारी वकिलानं विचारलं, "तुम्ही आरोपीच्या पत्नी. त्याच्या बाजूनंच बोलणार. खरं तर त्या बाईवरून मिलवर तमाशा तुम्हीच केला होता ना?"

"हो साहेब."

"म्हणजे तुम्हालाही संशय होता."

"नोता." ती थांबली. "मले मालूम होतं का ते दोरी ओढाले बसते. यायनं मले घरी सांगतलं होतं अन् मले ते खरंही वाटलं होतं."

"मग गाडीतून उतरवलं कशाला?"

"लोक बोलून राहिले होते. मले त्यायचं तोंड बंद कराचं होतं. मी तिचा हात धरून तिले साऱ्यांपुढे उतरवली. ते आपल्या जागेवर असती तं असं होतं नसतं. अन् जे काही वाचलं, ते तिच्यानं वाचलं." तिनं मागं बसलेल्या माणसांकडे वळून पाहिलं. "बाजारात तुमचे लेकरं होते न? सांगा आता साहेबाले, कशी बाई होती ते."

कोणी उठलं नाही. न्यायाधीश साहेबांनी तिला समोर पाहून बोलायला सांगितलं.

कवडूला शिक्षा झाली. दोरीचा पुरावा नव्हता, आणि असता तरी, साहेब म्हणाले, अशी गाडी रस्त्यावर आणणाराही तोच. हे ऐकून कवडूनं मान हलवली, जणू एवढं एकच त्याला पटलं होतं. भय्याजींना कोणी काही विचारलं नाही. पुढच्या हंगामात तोच ट्रक नव्या ड्रायव्हरच्या हाती रस्त्यावर धावत होता.

कवडू सुटून आला तेव्हा त्याचा खांदा वाकडा जुळला होता. त्यानं पुन्हा स्टेअरिंग धरलं नाही. तो लोकांच्या खळ्यावर धान उपणायला जाऊ लागला. घरी नवरा-बायकोचं बोलणं कामापुरतं राहिलं. त्यानं तिला कधी बोल लावला नाही. आपण त्या सकाळी मान खाली घातली होती, हे तो विसरला नव्हता.

कोर्टाचं संपल्यावर, कवडू अजून तुरुंगात असताना, एका दुपारी रत्नाबाई बायजाबाईकडे गेली होती. या वेळी तिनं दारातच आपलं नाव सांगितलं. गाडीतून कोणी उतरवलं ते सांगितलं, कोर्टात काय बोलली तेही सांगितलं. म्हातारी सूप मांडीवर घेऊन बसली होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे ते जिती असताना बोलाचं होतं," ती म्हणाली.

"हो माय."

"आता मले सांगून काय फायदा? मी का तिले जाऊन सांगू?"

रत्नाबाई उठली नाही. बाहेर कोणाच्या तरी बंडीचा आवाज येऊन गेला. बायजाबाईची बोटं सुपातल्या तांदळातून फिरत होती, चिमूट उचलत होती, चाचपून पुन्हा टाकत होती.

"जात नाही काय तू?"

"जातो."

पण ती तशीच बसून राहिली. मग म्हातारीनं सूप पुढे सरकवलं.

"बसलीच हाय तं एवढे खडे काढून दे. दाताखाली येतेत. कुंता काढत होती."

रत्नाबाईनं सूप उजेडात घेतलं आणि निवडायला लागली. तेव्हापासून ती दर दोन-चार दिवसांनी जाई, पाणी भरी, तांदूळ निवडून ठेवी. बायजाबाई तिला "ये" म्हणत नसे आणि "जा"ही म्हणत नसे. तिला नावानं तिनं कधीच हाक मारली नाही.